कोल्ड स्टोरेजच्या रिपोर्टला तारखाच ओळखू येईनात

पार्श्वभूमी

सांगली-तासगाव पट्ट्यातलं एक मध्यम आकाराचं कोल्ड स्टोरेज. नाव-गाव सांगत नाही आणि ओळख पटेल असे तपशील बदललेत. मुख्य माल बेदाणा. शेतकरी नाहीतर व्यापारी १५ किलोचे बॉक्स घेऊन येतात, गेटवर लॉट नंबर पडतो, पावती फाडली जाते, माल चेंबरला जातो आणि सौद्याला काढेपर्यंत तिथंच राहतो. भाडं बॉक्सवर आणि महिन्यावर. या सगळ्या आवक-जावकीचा हिशोब मायक्रोसॉफ्ट ॲक्सेस या डेटाबेस सॉफ्टवेअरच्या एका फाइलीत ठेवलेला, जी ओळखीतल्या एका मुलानं बऱ्याच वर्षांपूर्वी करून दिली होती, तो पुढं पुण्याला नोकरीला गेला आणि फाइल बिचारी निमूट चालत राहिली.

त्या फाइलीतला सगळ्यात लाडका रिपोर्ट म्हणजे प्रकारवार आवक. डावीकडं पार्टीची नावं खाली खाली, वर आडवे बेदाण्याचे प्रकार, हिरवा, पिवळा, काळा वगैरे, आणि मधल्या चौकोनात बॉक्स. ॲक्सेसमध्ये याला क्रॉसटॅब क्वेरी म्हणतात, क्वेरी म्हणजे टेबलांतून हवी ती माहिती काढायची साठवून ठेवलेली सूचना. एक्सेलचा पिव्हट ज्यांनी वापरलाय त्यांना वेगळं सांगायला नको. फरक एवढाच की इथं वरचे कॉलम डेटात जे सापडेल त्यावरून क्वेरी स्वतःच बनवते, आणि पुढचा बराचसा घोळ याच गोष्टीतून निघाला.

रिपोर्टच्या तारखा क्वेरीतच टाइप करून ठेवलेल्या. दरवर्षी अकाउंट बघणाऱ्या ताई डिझाइन व्ह्यू, म्हणजे क्वेरी बदलायचा स्क्रीन, उघडायच्या, जुनं साल खोडायच्या, नवं टाकायच्या. चालत होतं. पण बेदाण्याचा माल साधारण फेब्रुवारीपासून यायला लागतो आणि एप्रिल-मेपर्यंत येतो, म्हणजे ३१ मार्च बरोबर हंगामाच्या मधे पडतो. सीएला हवं एप्रिल ते मार्च, मालकांना हवा हंगाम, बँकेला हवा तिमाहीचा स्टॉक. तेव्हा अण्णांनी, म्हणजे मालकांनी, फर्मान काढलं की एक फॉर्म करा, दोन तारखा टाकायच्या आणि रिपोर्ट यायला पाहिजे, सारखं सारखं ताईंना क्वेरी फोडायला लावू नका.

काम अण्णांच्या पुतण्याकडं गेलं. इंजिनिअरिंगचा पोरगा, हुशार आहे. त्यानं फॉर्म केला, त्यावर ‘पासून’ आणि ‘पर्यंत’ असे दोन टेक्स्ट बॉक्स टाकले, आणि क्रॉसटॅबच्या खाली जी नुसते रेकॉर्ड निवडणारी मूळ सिलेक्ट क्वेरी होती तिच्या तारखेच्या कॉलमखाली त्या दोन बॉक्सचा संदर्भ दिला. मूळ क्वेरी चालवली, रेकॉर्ड बरोबर आले. मग तिच्यावर बसलेली क्रॉसटॅब चालवली आणि तिथं गाडी अडकली.

अडचण

एरर ३०७०. मायक्रोसॉफ्ट ॲक्सेसचं डेटाबेस इंजिन अमुक फॉर्मवरच्या अमुक बॉक्सला योग्य फील्डचं नाव किंवा एक्स्प्रेशन म्हणून ओळखत नाही, असा मेसेज. आता हा मेसेज वाचून कुणीही काय करेल? स्पेलिंग बघेल. पोरानं तेच केलं. फॉर्मचं नाव तपासलं, बॉक्सचं नाव तपासलं, चौकटी कंस तपासले, बॉक्सला नवं नाव दिलं, शेवटी फॉर्मच नव्यानं केला. आणि डोकं फिरवणारी गोष्ट ही की तोच संदर्भ मूळ क्वेरीत एका क्लिकवर चालत होता! नाव चुकलेलं असतं तर तिथंही चाललं नसतं, पण एरर समोर ओरडत असताना एवढा शांत विचार कोण करतं.

मग त्यानं वेगळा रस्ता धरला. बटणामागच्या कोडमध्ये क्वेरीचं सगळं एसक्यूएल, म्हणजे क्वेरी ज्या भाषेत लिहिलेली असते ते, टेक्स्ट म्हणून जोडायचं, तारखा बॉक्समधून उचलून # च्या दोन खुणांमधे बसवायच्या, आणि ते टेक्स्ट क्रॉसटॅबमध्ये भरायचं. एरर गेली. १५ जानेवारी ते ३१ मे टाकून बघितलं, ताईंच्या रजिस्टरशी आकडे जुळले, सगळे खूश.

मार्च संपल्यावर ताईंनी सीएसाठी ०१/०४/२०२३ ते ३१/०३/२०२४ टाकलं. रिपोर्ट आला. छान प्रिंट निघाली. आणि ताई एका पार्टीच्या नावावर बोट ठेवून म्हणाल्या, “अण्णा, ह्यांनी एवढा माल कधी घातलाय आपल्याकडं? दोन वर्षांचा मिळून होईल एवढा.” मला फोन आला तो या टप्प्यावर. मी सांगलीत अशीच एक्सेल-ॲक्सेसची किरकोळ कामं घेतो.

म्हणजे एकाच कामाच्या दोन आवृत्त्या समोर होत्या. एक चालतच नव्हती, दुसरी चालून खोटं सांगत होती. मला विचाराल तर पहिली परवडली.

कारण काय होतं

आधी दुसरीचं. एसक्यूएलच्या टेक्स्टमध्ये # च्या खुणांत लिहिलेली तारीख ॲक्सेसचं इंजिन अमेरिकन पद्धतीनं वाचतं, आधी महिना मग दिवस. विंडोजमध्ये भारत निवडलेलं असलं तरीही. त्यामुळं ०१/०४/२०२३ ची झाली ४ जानेवारी २०२३. पण ३१/०३/२०२४ मध्ये ३१ वा महिना नसतोच, तेव्हा इंजिन गुपचूप दिवस-महिना उलटे करतं आणि ती ३१ मार्चच राहते. म्हणजे रिपोर्टनं ४ जानेवारी २०२३ पासूनचा माल धरला, अख्खा फेब्रुवारी-मार्च २०२३ चा आधीचा हंगाम आत आला. आणि पोराची चाचणी का पास झाली तेही यातच आहे, १५ आणि ३१ दोन्ही १२ पेक्षा मोठे, दोन्ही तारखा आपोआप सुधारल्या. १ ते १२ मधला कुठलाही दिवस टाकला असता तर तेव्हाच कळलं असतं.

आता ३०७० चं. साध्या सिलेक्ट क्वेरीत कॉलम कुठले येणार ते आधीच ठरलेलं असतं, फॉर्मवरच्या टेक्स्ट बॉक्सची किंमत, म्हणजे त्यात टाकलेली तारीख, ॲक्सेस चालवताना भरून घेतो. क्रॉसटॅबमध्ये कॉलमच डेटातून निघतात. कुठले रेकॉर्ड आत येणार हे कळल्याशिवाय इंजिनला कॉलम ठरवता येत नाहीत, आणि कुठले रेकॉर्ड ते कळायला पॅरामीटर, म्हणजे क्वेरीला बाहेरून मिळणारी किंमत, इथं त्या दोन तारखा, लागतो. त्यामुळं क्रॉसटॅबमध्ये, किंवा क्रॉसटॅब ज्या क्वेरीवर बसलीय तिच्यात, पॅरामीटर आधी जाहीर करून ठेवावा लागतो, नाव आणि डेटा टाइपसकट. तो केला नाही तर इंजिन त्या संदर्भाला फील्डचं नाव समजून शोधायला जातं, सापडत नाही, आणि आपण स्पेलिंग तपासत बसतो.

पर्याय कुठले होते

अण्णांशी बोलून जे पर्याय मांडले त्यात पहिला म्हणजे पोराचाच रस्ता नीट करणं, तारीख कोडमध्ये साल-महिना-दिवस अशा क्रमानं फॉरमॅट करून जोडायची. एका ओळीचं काम आणि उत्तर बरोबर. पण अख्खं एसक्यूएल कोडात कोंबलं की पुढं ताईंना किंवा पोराला एखादा कॉलम वाढवायचा तर डिझाइन व्ह्यूमध्ये काही दिसत नाही, अवतरण चिन्हांच्या जंगलात शिरावं लागतं. मला हे या ऑफिसात नको होतं.

दुसरा, तात्पुरतं टेबल. तारखेतले रेकॉर्ड आधी एका टेबलात टाकायचे आणि क्रॉसटॅब त्या टेबलावर. पॅरामीटरचा प्रश्नच मिटतो. मोठ्या डेटाला हे खरं तर चांगलं आहे, पण इथं गेटवर आणि ऑफिसात दोन मशीन एकाच सामायिक फाइलीवर, दोघांनी एका वेळी रिपोर्ट काढला तर एकाचा माल दुसऱ्याच्या रिपोर्टमध्ये. शिवाय फाइल फुगत राहते, ती कॉम्पॅक्ट करायची, म्हणजे आवळून लहान करायची, आठवण ठेवा.

तिसरा पर्याय पोरानं सुचवला, मूळ डेटा एक्सेलला देऊन तिथंच पिव्हट करायचा. वाईट नाही, पण अण्णांना एक बटण आणि एक प्रिंट एवढंच पाहिजे होतं.

चौथा जरा चोरवाटेचा: एक छोटं पब्लिक फंक्शन लिहायचं जे फॉर्मवरची तारीख परत देतं आणि क्वेरीत त्या फंक्शनचं नाव लिहायचं. हे क्रॉसटॅबमध्ये जाहीर न करता चालतं आणि बरेच जण तेच करतात. मी यावर थोडा अडलो होतो, कारण पुढं येणारा एक त्रासही यानं वाचतो. पण क्वेरी वाचणाऱ्याला तारीख कुठून येते ते दिसत नाही, मॉड्यूल, म्हणजे कोड ठेवलेली जागा, उघडावं लागतं, आणि इथं मॉड्यूल उघडणारा माणूस वर्षातून दोनदा सुट्टीला येतो.

पाचवा म्हणजे सरळ पॅरामीटर जाहीर करणं. तोच घेतला.

काय केलं

मूळ क्वेरी डिझाइन व्ह्यूमध्ये उघडली, वरच्या पट्टीतल्या पॅरामीटर्स बटणावर गेलो. दोन कॉलमचा छोटा खोका येतो. डावीकडं संदर्भ जसाच्या तसा, उजवीकडं टाइप तारीख-वेळ. एसक्यूएल व्ह्यूमध्ये गेलं की क्वेरीच्या सगळ्यात वर ही ओळ दिसते, वाचायला बरं म्हणून देवनागरीत लिहितोय, कीवर्ड अर्थात इंग्रजीतच असतात:

पॅरामीटर्स [फॉर्म्स]![रिपोर्टफॉर्म]![पासून] डेटटाइम, [फॉर्म्स]![रिपोर्टफॉर्म]![पर्यंत] डेटटाइम;

जसाच्या तसा म्हणजे खरंच जसाच्या तसा. खोक्यातलं नाव आणि अटीतलं नाव यात एका स्पेसचा फरक पडला तरी ॲक्सेस ते दोन वेगळे पॅरामीटर धरतो आणि चालवताना किंमत विचारणारी खिडकी वर येते. फॉर्म बंद ठेवून क्वेरी थेट उघडली तरी तीच खिडकी येते, तेव्हा खिडकी दिसली की आधी फॉर्म उघडा आहे का बघायचं, मग नाव.

टेक्स्ट बॉक्सच्या फॉरमॅटला शॉर्ट डेट दिलं, त्यामुळं तारीख नसलेलं काही टाकूच देत नाही, आणि बटणावर दोन्ही बॉक्स रिकामे नाहीत ना एवढी तपासणी. क्रॉसटॅब चालली. आणि तारीख आता टेक्स्ट म्हणून न जाता तारीख म्हणून जाते, त्यामुळं अमेरिकन क्रमाचा प्रश्न आपोआप गेला, १ एप्रिल ती १ एप्रिलच.

इथं थांबता आलं असतं. पण चालून खोटं सांगणाऱ्या रिपोर्टचा अनुभव ताजा होता म्हणून ताईंना म्हटलं, क्रॉसटॅबची बेरीज आणि रजिस्टरची बेरीज लावून बघू. जुळेना. थोडी कमी येत होती. दिवसवार पाडून बघितलं तर फरक फक्त शेवटच्या दिवशी, ३१ मार्चला. गेटवरच्या फॉर्ममध्ये आवक तारखेची डिफॉल्ट किंमत त्या क्षणाची तारीख-वेळ अशी होती, म्हणजे प्रत्येक लॉटला दुपारचे तीन, संध्याकाळचे सात अशी वेळ चिकटलेली. आणि ‘पर्यंत ३१ मार्च’ म्हणजे ३१ मार्चची मध्यरात्र सुरू होते तो क्षण, त्यानंतर दिवसभर आलेला माल बाहेर. ऐन हंगामातला दिवस, माल काही थोडाथोडका नव्हता. अट बदलून ‘पासून’ एवढी किंवा पुढची आणि ‘पर्यंत’ अधिक एक दिवस याच्या आधीची अशी केली. हे आधीच्या वर्षांतही होतच असणार, तेव्हा कुणी शेवटच्या दिवसाची बेरीज वेगळी लावली नव्हती.

कॉलमचा घोळ

मग रिपोर्ट. ताईंनी बँकेसाठी एक तिमाही टाकली आणि पुन्हा ३०७०! पोरगा फोनवर, “सर, परत तेच आलं की.” तेच नव्हतं. यावेळी मेसेजमध्ये फॉर्मच्या बॉक्सऐवजी ‘काळा’ हे नाव होतं. त्या तिमाहीत काळा बेदाणा आलाच नाही, म्हणून क्रॉसटॅबमध्ये तो कॉलमच बनला नाही, आणि रिपोर्टवरचा बॉक्स त्या कॉलमला बांधलेला, तो बोंबलला. एकच नंबर, दोन वेगळी दुखणी. मेसेजमधलं नाव वाचल्याशिवाय पुढं जायचं नाही, हे पोराला इथं मुद्दाम दाखवलं.

याचा उपाय म्हणजे क्रॉसटॅबच्या प्रॉपर्टीमध्ये कॉलम हेडिंग्ज भरणं, एसक्यूएलमध्ये पिव्हटच्या ओळीला पुढं इन लावून नावांची यादी येते. मग त्या तारखांत माल असो नसो, कॉलम तेवढे आणि त्याच क्रमानं येतात. क्रम आपल्या हातात येतो हा वरचा फायदा.

पण इथंच माझ्या मते या प्रकरणातला सगळ्यात महत्त्वाचा निर्णय होता. कॉलम हेडिंग्ज पक्की केली की यादीत नसलेला प्रकार रिपोर्टमधून गुपचूप गळतो. एरर नाही, इशारा नाही. आणि इथं गेटवर प्रकार हातानं टाइप करायचे. कुणी ‘पिवळा’, कुणी ‘पिवळे’, कुणी व्यापाऱ्याच्या तोंडचं काहीतरी, काही लॉटला प्रकारच रिकामा, ज्याच्यासाठी आधी क्रॉसटॅबमध्ये कमी-जास्तच्या चिन्हांचा <> असा एक विचित्र कॉलम यायचा आणि ताई तो प्रिंटमध्ये दिसू नये म्हणून बाजूला सारायच्या. जुन्या पद्धतीत निदान ही घाण दिसत तरी होती.

म्हणून हेडिंग्ज पक्की करण्याआधी प्रकारांचं वेगळं मास्टर टेबल, म्हणजे ठरलेल्या नावांची यादी, केलं, गेटच्या फॉर्मवर त्यातून निवडायला कॉम्बो बॉक्स, यादीबाहेरचं घेणार नाही असं सेटिंग. जुनी नावं एका अपडेट क्वेरीनं सरळ केली, ते करताना ताई शेजारी बसल्या होत्या कारण ‘सोनेरी’ म्हणजे यांच्याकडं पिवळ्यात धरायचं का वेगळं हे मला कसं कळणार. आणि मूळ क्वेरीत एक अट घातली की मास्टरमध्ये न सापडणारं किंवा रिकामं जे असेल त्याला ‘इतर’ म्हण, आणि ‘इतर’ हा कॉलम हेडिंग्जच्या यादीत शेवटी. गळती झालीच तर ती त्या कॉलमात साठेल. जाता जाता, मास्टरमध्ये नावं टाकताना टिंब टाळली. ‘नं. १’ असं लिहिलं तर क्रॉसटॅब कॉलमच्या नावात टिंबाच्या जागी अंडरस्कोर घालते आणि रिपोर्टवरची नावं परत जुळत नाहीत.

एक्सेलचं बटण

अण्णांच्या व्यापारी मित्रांना पाठवायला एक ठरावीक एक्सेल पान होतं, रंगबिरंगी, वर लोगो. पोराच्या कोडनं क्रॉसटॅबचा रेकॉर्डसेट, म्हणजे तिच्यातून आलेल्या रेकॉर्डचा संच, उघडून त्या पानात ओतायचा होता. तिथं एरर ३०६१, पॅरामीटर कमी पडले, अपेक्षित २. इतका वेळ तेच दोन पॅरामीटर चालत होते ना? हो, पण क्वेरी ॲक्सेसच्या खिडकीतून उघडली की फॉर्मवरची किंमत ॲक्सेस भरतो. कोडातून डीएओनं, म्हणजे कोडला इंजिनशी जोडणाऱ्या सोयीनं, रेकॉर्डसेट उघडला की गाठ थेट इंजिनशी असते आणि इंजिनला फॉर्म म्हणजे काय हेच माहीत नाही. चौथ्या पर्यायातलं फंक्शन घेतलं असतं तर हा त्रास वाचला असता, म्हणून मघाशी अडलो होतो म्हटलं.

उपाय छोटा आहे. कोडमध्ये क्वेरीडेफ, म्हणजे साठवलेल्या क्वेरीचं कोडातलं रूप, घ्यायचा, त्याच्या पॅरामीटर्सवर फॉर ईच लूप फिरवायचा, प्रत्येक पॅरामीटरच्या नावावर इव्हॅल, म्हणजे नावावरून किंमत काढणारं फंक्शन, चालवून आलेली किंमत त्यालाच द्यायची, आणि मग त्या क्वेरीडेफवरूनच रेकॉर्डसेट उघडायचा. पॅरामीटर खालच्या मूळ क्वेरीत असले तरी वरच्या क्रॉसटॅबच्या क्वेरीडेफमध्ये ते दिसतात, त्यामुळं वेगळं काही करावं लागत नाही. ठरावीक पान नसतं, नुसती एक्सेल फाइल पाहिजे असती, तर ट्रान्सफर स्प्रेडशीटच्या तयार कमांडनं भागलं असतं, ती फॉर्मचे संदर्भ स्वतः सोडवते.

निकाल

रिपोर्ट चालतो. फॉर्मवर खाली एक छोटी बेरीज टाकलीय, ती क्रॉसटॅबला न विचारता थेट आवक टेबलातून येते, आणि रिपोर्टच्या बेरजेशी जुळली नाही तर लाल होते. त्या आधीच्या एप्रिल-मार्चच्या प्रिंट अण्णांनी परत मागवल्या, सीएकडं एकच गेली होती आणि ती वापरात यायच्या आत बदलता आली. ‘इतर’ कॉलममध्ये पहिल्या महिन्यात थोडं दिसलं, आता बहुतेक वेळा शून्य. शून्य म्हणजे रिकामं, कारण क्रॉसटॅब माल नसलेल्या चौकोनात नल, म्हणजे काहीच नाही, असं ठेवते, रिपोर्टवर कॉलमांची बेरीज करताना प्रत्येकाला एनझेड, म्हणजे नलच्या जागी शून्य धरणारं फंक्शन, लावावं लागलं, नाहीतर एक रिकामा चौकोन अख्ख्या ओळीची बेरीज रिकामी करतो.

वेगळं काय करता आलं असतं

पोराच्या पहिल्या चाचणीत ५ तारीख किंवा ७ तारीख असती तर सीएची प्रिंट निघालीच नसती. भारतात तारखेची चाचणी नेहमी १२ च्या आतल्या दिवसानं करावी, आणि दिवस-महिना सारखा नको, ०४/०४ टाकून काहीच सिद्ध होत नाही.

मास्टर टेबल आधी आणि पॅरामीटर नंतर असा क्रम ठेवला असता तर दुसरा ३०७० दिसला तेव्हा इतकी धावपळ झाली नसती. पण खरं सांगायचं तर क्लायंट रिपोर्ट बंद आहे म्हणून बोलावतो, त्याला आधी गेटवरची नावं साफ करू म्हटलं तर तो दुसऱ्याला बोलावेल.

आवक तारीख आणि आवक वेळ असे दोन फील्ड वेगळे करावेत का यावर अजून एकमत नाही. मी म्हणतो करावेत, गेटवाल्यांना नको आहे, सध्या अटीतल्या त्या एका दिवसावर काम भागतंय.

आता भाड्याचा रिपोर्ट मागितलाय, वर महिने, खाली पार्टी. महिन्यांची नावं हेडिंग म्हणून घेतली तर अकारविल्हे लागतात, इंग्रजी नावांत एप्रिलनंतर ऑगस्ट येतो, आणि हंगाम जानेवारीत सुरू करायचा का एप्रिलमध्ये हे दर वेळी बदलणार. त्यामुळं ‘पासून’ तारखेपासून कितवा महिना हे डेटडिफनं, म्हणजे दोन तारखांतलं अंतर मोजणाऱ्या फंक्शननं, काढून म० ते म११ अशी पक्की हेडिंग्ज घ्यायची आणि खरी नावं रिपोर्टच्या लेबलवर तिथल्या तिथं बदलायची असं ठरलंय. यात पॅरामीटर अटीत न राहता थेट पिव्हटच्या ओळीत जातो, म्हणजे यावेळी तो क्रॉसटॅबमध्येच जाहीर करावा लागेल, आणि तारखा १२ महिन्यांपेक्षा लांब टाकल्या तर फॉर्मनं आधीच अडवायला पाहिजे, नाहीतर तेराव्या महिन्याचं भाडं कुठल्याच कॉलमात दिसणार नाही.